पुढचा ब्रेक

रविवारी सकाळी गंधाली चहा गाळत होती, तेव्हा तिच्या फोनवर एका अनोळखी बाईचा मेसेज आला. नाव जान्हवी, राहणार नाशिक. 'ताई, सायकलवाल्यांच्या फेसबुक ग्रुपवर तुम्ही ज्या कार्बनच्या चिमट्याचा फोटो टाकला होता, तो सायकलला लावलेला असेल तर प्लीज कुणाला चालवू देऊ नका. माझा भाऊ श्रेयस त्याच्यामुळेच पडला.' खाली दोन फोटो होते. पहिल्यात तोच काळा चिमटा, वरच्या नळीत आडवा तुटलेला. दुसरा रस्त्याचा होता. तो गंधालीने नीट बघितला नाही.

चिमटा म्हणजे सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरणारा आणि वर हँडलपर्यंत जाणारा भाग. तो तिनेच मागवला होता, सासऱ्यांसाठी. आणि सासरे उजाडताच सायकल घेऊन ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर गेले होते.

तिचे सासरे विद्याधर पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायको सुहासिनी गेली. त्यानंतर ते मुलुंडच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसून राहायचे. पेपर उघडायचे, पान उलटायचे नाहीत. मुलगा मुकुल जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरात सून आणि सासरे, दोघंच. गेल्या सुट्टीत मुकुलने आपली जुनी सायकल धुऊनपुसून त्यांच्या हातात दिली आणि म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, ते खाली उतरले. आधी बिल्डिंगला चकरा, मग चेकनाक्यापर्यंत, मग थेट येऊरचा चढ. परत आले की घामाघूम असायचे आणि दोन पोळ्या जास्त खायचे.

मग एका खड्ड्यात सायकलचा मूळचा चिमटा वाकला. कार्बनचा लावला तर मनगटांना हादरे कमी बसतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. नावाजलेल्या कंपनीचा असा चिमटा कुठेच शिल्लक नव्हता. त्यांना ऑनलाइनचं काही कळत नसे, म्हणून गंधालीनेच शोधाशोध केली आणि एका दुकानात तो मिळाला. कंपनीचं नाव, स्टिकर, बारकोड, सगळं जागच्या जागी. बाबा इतके खूश झाले, की तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि दुकानाची लिंकही दिली.

तिने आधी सासऱ्यांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. येऊरच्या जंगलात रेंज जाते, हे तिला माहीत होतं, तरी तिने पुन्हा पुन्हा लावला. मग मेसेजमधल्या नंबरवर जान्हवीला लावला. ती हॉस्पिटलमध्येच होती, दबक्या आवाजात बोलत होती. श्रेयसने महिनाभर सायकल चालवली, काही झालं नाही. परवा त्र्यंबकच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, त्याने पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि हँडल हातात आलं. जबडा मोडला होता. कंपनीला फोटो पाठवले, तर त्यांनी कळवलं की हा माल आमचा नाहीच, डुप्लिकेट आहे.

"सरळ चालवताना काही कळत नाही हो," जान्हवी म्हणाली. "पुढचा ब्रेक जोरात लागला की सगळा भार त्या नळीवर येतो. तुमच्याकडे कोण चालवतं?"

गंधालीने सांगितलं. "मग आधी त्यांना थांबवा," जान्हवी म्हणाली.

चहा तसाच ठेवून तिने स्कूटर काढली. अंगावर घरातलाच कुर्ता होता. चेकनाका, वागळे इस्टेट, उपवनचा तलाव. रविवार असल्याने रस्ता मोकळा होता, पण तिला तो संपता संपेना. तलावाशी कुणी योगासनं करत होतं, कुणी कुत्री फिरवत होतं. तिथे एक रुग्णवाहिका उभी दिसली आणि तिने स्कूटर तिकडे वळवली. जवळ गेल्यावर कळलं, ड्रायव्हर टपरीवर पोहे खात होता.

वनखात्याच्या नाक्यावर तिने चौकशी केली. पिवळं हेल्मेट घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक आजोबा बऱ्याच वेळापूर्वी वर गेलेत, परत येताना कुणी पाहिलं नाही, असं तिथला गार्ड म्हणाला. म्हणजे ते अजून वर होते. म्हणजे उतार अजून व्हायचा होता. यात बरं वाटून घ्यायचं की घाबरायचं, तिला कळेना.

नाक्यानंतर लगेच एक उंच गतिरोधक होता. तो ओलांडताना स्कूटर दणकली आणि तिच्या मनात आलं, बाबा दरवेळी इथेच ब्रेक दाबत असणार. वरून वेगात येऊन, अगदी इथेच.

ती चढ चढू लागली. समोरून येणारा प्रत्येक सायकलवाला आधी पिवळ्या हेल्मेटचा वाटायचा. तिघं-चौघं पोरं आरडाओरडा करत खाली गेली. एका वळणावर रस्त्याच्या कडेला काहीतरी काळं पडलं होतं. तिने स्कूटर जवळजवळ थांबवली. फाटका टायर होता.

दिसले की हात करून थांबवायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. त्यातला घोटाळा तिच्या लक्षात आला तो बाबा खरोखर दिसल्यावर. वरच्या सरळ पट्ट्यावरून पिवळं हेल्मेट खाली येत होतं, चांगल्याच वेगात. तिचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. घरी असायला हवी ती सून इथे रस्त्यात हात हलवते आहे, हे दिसलं तर बाबा काय करतील? दोन्ही ब्रेक गच्च दाबतील. मुकुलचंच काही झालं, असं त्यांना वाटेल.

तिने हात खाली घेतला. मान खाली घातली. बाबा तिच्या शेजारून सर्रकन निघून गेले, तोंडाने काहीतरी गुणगुणत. त्यांनी तिला ओळखलंही नाही.

तिने स्कूटर वळवली. वळवताना गाडी कलंडता कलंडता वाचली. मग ती उताराला लागली. बाबा पुढच्या वळणाआड गेले होते. वळण येईपर्यंत ती आवाज ऐकत होती, पडल्याचा. तो आला नाही. वळणापलीकडे ते दिसले तेव्हा तिने वेग वाढवला आणि हळूहळू त्यांच्या उजवीकडून बरोबरीने आली.

"बाबा," तिने अगदी घरात हाक मारावी तशी हाक मारली. "मी आहे, गंधाली. समोरच बघा."

त्यांनी बघितलंच. सायकल हलली. "तू? इथे? मुकुलचं काही..."

"मुकुल ठीक आहे. सगळे ठीक आहेत. उजव्या ब्रेकवरची बोटं काढा. पुढचा ब्रेक अजिबात लावू नका. फक्त डावा, मागचा. हळूहळू."

"का?"

"नंतर सांगते. आधी बोटं काढा."

त्यांनी काढली. त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं हँडलभोवती घट्ट मिटली, ती तिने पाहिली. मागचं चाक किरकिरलं, पण उतार मोठा होता, वेग म्हणावा तसा कमी होईना. तेवढ्यात खालून येऊरला येणारी बस वळणावर दिसली. गंधालीला मागे सरावं लागलं. वळणावर बसच्या लाल अंगाआड बाबा दिसेनासे झाले. बस निघून जाताच तिने वेग वाढवला.

ते पुढे होते, अजून सायकलवर. आता नाका जवळ आला होता आणि नाक्याआधी तो गतिरोधक. ती पुन्हा त्यांच्या बाजूला पोचली.

"डावीकडे माती दिसतेय ना, पाचोळा आहे तिथे? रस्ता सोडून तिकडे घ्या. चाक रुतेल, रुतू द्या. उजवा ब्रेक नाही."

सायकल डांबरावरून मातीत उतरली, खडखडली, पाचोळा दोन्हीकडे उडाला, आणि पुढे जमिनीचा उंचवटा होता त्यावर चढता चढता तिचा जोर संपला. बाबांनी एक पाय टेकवला, मग दुसरा. गंधालीने स्कूटर स्टँडवर लावली आणि ती तिथेच खाली बसली.

तिने सगळं सांगितलं. फोटो दाखवले, दुसराही. बाबांनी चिमट्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. कुठे तडा नाही, ओरखडासुद्धा नाही. हे बघ, दिसायला तर काही नाही, आता सावकाश चालवत घरी जाऊ, असं ते म्हणू लागले. त्यांचा चेहरा उतरला होता. तिने इतक्या हौसेने आणलेली वस्तू वाईट निघावी, हे त्यांना नको होतं.

"नाही," गंधाली म्हणाली. त्यांना असं तोडून ती कधी बोलली नव्हती. "पायी जायचं."

"अगं, तुझी समजूत पटावी म्हणून दाखवतो," ते म्हणाले. सायकलच्या बाजूला उभं राहून त्यांनी पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडल जोराने पुढे ढकललं. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि हँडल त्यांच्या हातात राहिलं. सायकलचं तोंड मातीत टेकलं. चाक एका बाजूला कलून ब्रेकच्या वायरला लोंबत राहिलं.

विद्याधर हातातल्या हँडलकडे बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं, जिथे रस्ता वळून गतिरोधकाकडे उतरत होता. हँडल त्यांनी हळूच जमिनीवर ठेवलं आणि सुनेच्या शेजारी पाचोळ्यात बसले.

"मी गाणं म्हणत होतो गं," ते म्हणाले.

मोडकी सायकल नाक्यावर ठेवून दोघं स्कूटरवरून निघाले. वाटेत त्यांनी एकच विचारलं, हा चिमटा आणखी कुणी घेतलाय का. तेव्हा गंधालीला आठवलं. तिच्या फोटोखाली दोघांनी लिहिलं होतं, की लिंकबद्दल थँक्यू, आम्हीही मागवला.

उपवनपाशीच तिने गाडी बाजूला घेतली आणि दोघांना मेसेज टाकले. त्यातला एक बोरिवलीचा होता. त्याचं लगेच उत्तर आलं, पार्सल अजून यायचंय, कॅन्सल करतो. दुसरा घाटकोपरचा, धम्मपाल नावाचा. त्याने कालच फोटो टाकला होता, नवा चिमटा लावून सज्ज, उद्या सकाळी पहिली राइड. मेसेज पोचत होता, पण तो बघत नव्हता. ग्रुप चालवणाऱ्याकडून तिने नंबर मिळवला. बाबांनी फोन तिच्याकडून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

रिंग वाजत राहिली. कट झाली. त्यांनी पुन्हा लावली. शेवटी एका बाईने उचलला. ते फोन घरी विसरलेत, सायकल घेऊन आत्ताच लिफ्टने खाली गेले, असं ती म्हणाली.

"ताई, मी कोण ते नंतर सांगतो," बाबा म्हणाले. "त्या सायकलचा पुढचा भाग मोडणार आहे. माझा आत्ता मोडला. खिडकीतून हाक मारा त्यांना. पळा."

फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. मग पावलं. मग लांबून तिचा आवाज, अहो, अहो थांबा, पुन्हा पुन्हा, दरवेळी जास्त मोठा. मग काहीच नाही. दोघंही फोनवर वाकून उभे होते. बाबांनी गंधालीचं मनगट पकडलं होतं आणि ते त्यांना कळतही नव्हतं.

बऱ्याच वेळाने फोनवर एका पुरुषाचा आवाज आला, धाप लागलेला, थोडासा वैतागलेला.

"हॅलो, धम्मपाल बोलतोय. गेटबाहेर पडत होतो. काय झालं?"

विद्याधरांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि तलावाच्या कठड्याला धरून पाठमोरे उभे राहिले.