समजावून सांगितले

लेकराला औषध पाजताना आपण बाटलीवरचं लेबल दोनदा वाचतो. दवाखान्यातला कागद मात्र घडी घालून पिशवीत टाकतो. कोणीतरी वाचलाच असेल, अशी आपली समजूत. गंमत म्हणजे कागदावर सही करणाऱ्या त्या डॉक्टरबाईंचीही तीच समजूत होती.

पूर्वी घरी सोडायच्या पेशंटचे कागद त्या आणि सिस्टर मिळून करत, मध्येमध्ये सासवांच्या गप्पा चालत. मग कॉम्प्युटरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि सिस्टरांची बदली झाली. आता नोंदी आपोआप तयार होत. दिवसाकाठी कोणाशी धड दोन वाक्यं बोलणं होत नसे. पाळणाघर सहाला बंद होई, म्हणून बाई भराभर सह्या ठोकत.

आणि एक दिवस, नुकतेच घरी सोडलेले कोर्टआजोबा पुन्हा भरती झाले. कोर्टातले निवृत्त कारकून, घरात एकटे. रक्तदाबाची जुनी गोळी बंद करून नवी सुरू करायची होती, त्यांनी दोन्ही घेतल्या. सकाळी चक्कर येऊन न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. दुपारी शेजारणीला नळ वाहताना ऐकू आला, तोवर तसेच पडून होते.

बाईंनी मागची नोंद उघडली. 'जुनी गोळी बंद करण्याबाबत रुग्णास समजावून सांगितले.' खाली त्यांचीच सही. मोठ्या डॉक्टरांनी फोनवर धीर दिला, नोंद पक्की आहे, गप्प बसा, केसालाही धक्का लागणार नाही.

तरी त्या आजोबांच्या खाटेशी गेल्या. "आजोबा, तुम्हाला सांगितलं होतं ना, जुनी गोळी बंद म्हणून?"

"कोणी?"

"इथे लिहिलंय."

"बाई, घरी गेलो त्या दिवशी माझ्याशी दोन माणसं बोलली. एक लिफ्टवाला, दुसरी चुकून फोन लागलेली मुलगी. तुम्ही तिसऱ्या असतात, तर विसरलो असतो का?"

बाईंना मान वर करवेना. चांगल्या नोंदीत ते वाक्य असतं, म्हणून यंत्र ते घालतं, असं त्या पुटपुटल्या.

आजोबा हसले. "खोटे साक्षीदार असंच करायचे. चांगला साक्षीदार काय बोलतो ते पाठ करून यायचे. तीस वर्षं मी शपथ दिली लोकांना. पिंजऱ्यात यंत्र कधी उभं राहिलं नाही. पुकारा सही करणाऱ्याच्या नावाने होतो."

"म्हणजे मी अडकणार."

"अडकालही. पण हे वाक्य राहिलं तर अडकतो मी. मुलगा आधीच म्हणतोय, बाबा विसरायला लागले, वृद्धाश्रमात ठेवू. हे वाचलं की झालंच. म्हाताऱ्याला सांगितलं होतं, त्याच्याच डोक्यात राहिलं नाही!"

बाईंना आता उमगलं. आपली नोकरी वाचवायला आपण एका माणसाची स्मरणशक्ती गहाण टाकतोय! त्या टेबलाशी परतल्या. जुनी नोंद न खोडता तिच्याखाली तारीख, वेळ घालून लिहिलं: 'वरील वाक्य यंत्राने घातले. मी न वाचता सही केली. जुनी गोळी बंद करण्यास रुग्णास कोणीही सांगितलेले नाही.' खाली सही केली. मग पाळणाघराला उशीर होईल असं कळवलं आणि खाटेच्या कडेला बसून एकेक गोळी समजावली, आजोबांकडून वदवून घेतली. दुसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम चुकवलं असावं. बाईंनी न कंटाळता पुन्हा सांगितलं.

बाईंवर चौकशी बसली, ती अजून चालू आहे. आजोबांच्या मुलाने बाईंची ती नवी ओळ दोनदा वाचली. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा काढलं नाही.

वाचकहो, यंत्र काळजी घेत नाही, काळजी घेतल्याची नोंद मात्र बेमालूम करतं. डॉक्टर असा, वकील असा, इमारत बांधणारे असा, यंत्र खुशाल वापरा. पण 'यंत्र चुकलं' ही सबब सांगून हात झटकू नका. सहीपूर्वी स्वतःला विचारा, हे मी खरंच केलं का? आणि केलं नसेल, तर पेन खाली ठेवून आधी त्या माणसाकडे जा. तो वाट पाहत असतो.