मामंजींच्या अंगावरचे दाणे

अण्णा जिन्यावरून घसरले, मांडीचं हाड मोडून आतल्या खोलीत आडवे झाले, आणि बाहेरच्या खोलीतली माशाची टाकी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या गळ्यात पडली. टाकीत एकच मासा. काळा, पोट सुटलेला, सदा तोंड पाडून हिंडणारा. हा थेट सासऱ्यांसारखा दिसतो, असं वहिनी एकदा बोलून गेल्या होत्या. तेव्हापासून घरात त्याला मामंजीच म्हणत. अण्णांचा त्याच्यावर भारी जीव. निवृत्त झाल्यापासून ते बायकोपेक्षा त्याच्याशी जास्त बोलत.

एके सकाळी वहिनी टाकीपुढे थबकल्या.

"अहो, मामंजी दगडावर अंग घासतायत. पांढरं पांढरं काहीतरी उठलंय अंगावर."

आतून लगेच आवाज आला, "दाणे की भुकटी?"

"म्हणजे?"

"बॅटरी तिरकी मारून बघ. सुटे सुटे दाणे आहेत, की सोनेरी भुकटी? का दोऱ्यासारखं काही लोंबतंय?"

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. "दाणे. शेपटीवर कुणी मीठ भुरभुरल्यासारखे."

"मग कातडीखाली परजीवी शिरलेत." अण्णांचा आवाज चिरकला. "कल्ल्यांत पोचले तर श्वास कोंडून मरेल तो. मला तिथे नेऊन बसव."

"हलायचं नाही. मी बघते."

"तुला नाही जमायचं. तू त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीस कधी."

"खऱ्या मामंजींचं शेवटपर्यंत केलं मी. ह्यांचं व्हायचं नाही होय?"

अण्णांनी कपाटातलं निळं औषध सांगितलं, वहिनींनी ते टाकीत सोडलं. पाणी निळं झालं, बोटं निळी झाली. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "पाणी कसं आहे?"

"काचेसारखं स्वच्छ."

"शाब्बास!"

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी निळं, संध्याकाळी स्वच्छ, आणि पुन्हा शाब्बास. दाणे मात्र वाढतच गेले. शेपटीवरून पाठीवर आले, पाठीवरून गालांवर. मामंजी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले.

"जाऊ दे," अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "त्याला आता आणखी छळू नकोस."

वहिनींनी पदर खोचला आणि स्टूल ओढून त्या टाकीपुढे बसल्या. साबणानं घासघासूनही बोटांवरचा निळा रंग गेला नव्हता. मग पाण्यातला कसा जातो? कुणीतरी तो पितंय. मामंजी तर पीत नाहीत. राहिली ती कोपऱ्यात बुडबुडे काढणारी गाळणी. त्यांनी तिचं झाकण उघडलं, स्पंज उचलला. खाली कापडी पुरचुंडी होती.

"अहो, ह्यात काळं काळं काय आहे?"

"कोळसा," अण्णा हळूच म्हणाले. "पाण्यातली घाण शोषायला मीच घातला होता."

"घाण तेवढी शोषतो आणि औषध सोडून देतो? एवढा समजूतदार कोळसा कुठे मिळाला तुम्हाला?"

"औषध देताना काढायचा असतो गं. डोक्यातच आलं नाही."

पुरचुंडी कचऱ्यात गेली. वहिनींनी माशांच्या दुकानदाराला फोन लावला आणि तो 'बास काकू' म्हणेपर्यंत प्रश्न विचारले. मग नळी लावून तळच्या खड्यांतली घाण ओढून काढली, नवं पाणी भरलं, ते किंचित कोमट ठेवलं, आणि औषध घातलं. त्या संध्याकाळी पाणी निळंच राहिलं. अण्णांनी विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "घाण दिसतंय. छान आहे."

काही दिवसांत दाणे गळाले. मामंजी तळाशी उतरून खडे चाळायला लागले.

"सुटलो!" अण्णा उशीला टेकून बसले. "आता औषध बंद कर. बिचाऱ्याला साधं पाणी दे."

"नाही."

"अगं, एक दाणा नाही म्हणतेस ना अंगावर?"

"अंगावर नाहीत, खाली उतरलेत. कातडीखाली होते तोवर औषध त्यांना शिवतसुद्धा नव्हतं. आता खड्यांत बसून फुटतील, पिल्लं पाण्यात सुटतील आणि परत मामंजींना धरतील. त्यांना गाठायचं ते मधल्या मध्ये, पोहत असताना."

"पण दिसत तर काहीच नाही!"

"तुम्हाला टाकी तरी कुठे दिसतेय?"

अण्णा हसले, मग मांडी दुखली म्हणून कण्हले. "किती दिवस चालवणार आहेस?"

"दुकानदार म्हणालाय, आणखी आठवडाभर. तुमच्यावर सोडलं असतं तर आजच बंद केलं असतंत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बादली सरकवली, नळी खड्यांत खुपसली आणि कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली.