वजीर रुळेपर्यंत

उन्हाळ्याच्या शेवटी रावजींच्या घरात दोन नवी माणसं आली. त्यातलं एक माणूस नव्हतं, पण मान त्यालाच जास्त मिळाला. वैशाखात सून आली, सेजल. तिच्या हातावरची मेंदी पुरती उतरायच्या आत तिचा नवरा विनीत एका खोक्यातून ग्रेट डेनचं पिल्लू घेऊन आला. विनीत महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला होता आणि तिथल्या कुणा साहेबांच्या बंगल्यावर ही पिल्लं झाली होती. रावजींनी ते मुद्दाम मागवलं होतं, कारण शेजारच्या श्रीपतने लॅब्रेडोर आणला होता. पोलादपूरच्या अलीकडे नदीला लागून एवढी भातशेती असलेल्या माणसाच्या दारात श्रीपतपेक्षा लहान कुत्रा, हे त्यांना बरं दिसेना. पिल्लाचं नाव वजीर ठेवलं. सुनेचं नाव मात्र बदललं नाही, हा या घराचा पुढारलेपणा.

सेजल महाडची, चवदार तळ्याजवळच्या आळीतली, बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी ती एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होती. बघायच्या कार्यक्रमात रावजी मोठ्या मनाने म्हणाले होते, “नोकरी करू दे की, आमची काय हरकत नाय.” लग्नानंतर ते वाक्य जरा लांबलं. आधी घरात रुळू दे, मग बघू. लॅबच्या मॅडमनी जागा राखून ठेवली होती, पण श्रावण लागेपर्यंतच. मग दुसरी मुलगी घेणार होत्या. सेजलला ती नोकरी हवी होती. पगार हवा होताच, पण त्याहूनही तिला तो पांढरा कोट घालून उभं राहायचं होतं, जिथे तिने काढलेला आकडा चार माणसं खरा मानत. विनीतला विचारलं की तो म्हणे, “बाबांना विचार,” आणि कूस बदलून झोपे. शिफ्टवाल्या माणसाला झोप कधीही लागते.

पिल्लू दाखवायला रावजी महाडला गेले तेव्हा सुनेला बरोबर घेऊन गेले, कारण डॉक्टर मधूनच इंग्रजीत शिरत. डॉक्टरांनी पुष्कळ सांगितलं. ही जात भराभर वाढते, पण हाडं पक्की व्हायला दोन वर्षं लागतात. जिने चढवू नका, गुळगुळीत लादीवर पळू देऊ नका, खायला घालून लठ्ठ करू नका. घर नवीन आहे, तेव्हा सुरुवातीला पाहुण्यांची गर्दी नको. घाबरलं तर जवळ बसा, एकटं टाकू नका. “घाई करू नका, त्याच्या कलानं रुळू द्या,” असं म्हणून त्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला. सेजलला रडू आलं. पोरीला कुत्र्याचा लळा लागला, असं रावजींना वाटलं.

घरी आल्यावर रावजींनी सगळं जसंच्या तसं अमलात आणलं. लादीवर गोणपाटं अंथरली, माडीच्या जिन्याला फळी आडवी लावली. स्वतःच्या पोराला कधी कडेवर न घेतलेला हा माणूस वजीरला उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवू लागला. हाडं पक्की होईपर्यंत त्याच्यावर कसलाही भार टाकायचा नाही, असं ठरलं. सेजलची हाडं पक्की झालेली असल्यामुळे विहिरीचं पाणी, गोठ्यातलं शेण आणि सकाळच्या भाकऱ्या तिच्याकडे आल्या.

मग एक दिवस भावकीतल्या बायका नवी नवरी बघायला आल्या. रावजींनी त्यांना अंगणातच अडवलं. “डॉक्टरनं सांगितलान, गर्दी नको. पिल्लू बुजतं.” बायका तोंडं वाकडी करून परत गेल्या. एरवी सेजलला प्रत्येकीपुढे वाकून, चहा देऊन, वर उखाणा घ्यावा लागला असता. तिने त्या दिवशी पहिल्यांदाच वजीरकडे नीट पाहिलं. तो जांभई देत होता.

तिथून सुरुवात झाली. डॉक्टरांचा नंबर तिच्याच फोनमध्ये होता, त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले हे तिच्याशिवाय कुणाला कळायचं कारण नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे रखमाबाईंना, पहाटे साऱ्या घराला हाका मारून उठवायची सवय होती. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजाने ही जात भित्री निघते. भित्रा कुत्रा आणि समोर श्रीपतचा लॅब्रेडोर, ही कल्पनाच रावजींना सोसवेना. घर हळू बोलू लागलं. मग डॉक्टर म्हणाले, त्याला रोज संध्याकाळी मऊ गवतावरून फिरवायला हवं, आणि जी खायला घालते तिनेच. सेजल रोज नदीकाठाने एकटी फिरू लागली.

“कुत्र्याचा डॉक्टर किती बोलतो बघ,” रखमाबाई म्हणाल्या. “माणसाचा तर मान वर करून बघत नाय.”

सेजलला थोडी भीती वाटली, पण चटक लागली होती. त्या घरात आधी बाप्ये जेवायचे आणि उरलंसुरलं घेऊन बायका चुलीपाशी बसायच्या. डॉक्टर म्हणाले, घरातली सगळी माणसं एका वेळी जेवताना कुत्र्याला दिसली पाहिजेत, नाहीतर निम्म्या घराला तो मानतच नाही. रावजींनी त्याच रात्री बायकोला स्वतःचाही पाट मांडायला सांगितला. लग्न झाल्यापासून रखमाबाई पहिल्यांदाच नवऱ्याच्या पंगतीला बसल्या. पहिल्या दिवशी त्यांना घास गिळेना. आठवडाभरात त्या माशाचा मधला तुकडा स्वतःच्या ताटात वाढून घेऊ लागल्या. वजीर समोर बसून सगळ्यांना सारखंच मानत होता.

असं सगळं छान चाललं असताना लॅबच्या मॅडमचा फोन आला. नक्की काय ते आता कळवा. सेजलने त्याच दिवशी जेवताना विषय काढला.

“बाबा, डॉक्टर म्हणत होते, वजीरला आता दिवसा एकटं राहायची सवय लावायला हवी. मी कंपनीत जायला लागले तर…”

रावजींनी हात वर केला. “एकटा टाकू नका, असा ते माझ्यासमोर बोलले. मराठीत बोलले. आणि तो रुळलाय तो तुझ्यावर. परवा तू बारशाला गेलीस तर ताटलीला तोंड लावलान नाय त्यानं. दिवसभर रडत होता. तो नीट रुळेपर्यंत थांब. हाडं पक्की झाली की बघू.”

हाडं पक्की व्हायला दोन वर्षं लागतात, हे सेजलनेच त्यांच्याकडून सतरा वेळा घोकून घेतलं होतं. तिच्याच डॉक्टरने तिला बांधून घातलं होतं, आणि आता त्याच्याकडून वेगळं काही वदवून घ्यायची सोय राहिली नव्हती. त्या संध्याकाळी नदीकाठी वजीर तिच्या पायात लुडबुडला तेव्हा तिने त्याला ढकलून दिलं. तो शेपूट हलवत परत आला. तिला स्वतःचाच राग आला.

पुढच्या इंजेक्शनची वेळ ऐन लावणीत आली. रावजींना शेत सोडता येईना आणि सेजलला लावणीच्या माणसांना आवणावर भाकऱ्या पोचवायच्या होत्या. “मी जाते,” रखमाबाई म्हणाल्या, आणि श्रीपतच्या जीपमध्ये वजीरला घेऊन बसल्या. वजीर तोवर त्यांच्या मांडीपर्यंत आला होता. जीप वळणाआड गेली तशी सेजल मनात हिशेब करू लागली. सासूबाई बोलक्या होत्या. पंगतीचं विचारतील, फिरायचं विचारतील, पहाटेच्या हाकांचं तर नक्कीच विचारतील. डॉक्टर हसतील, आणि संध्याकाळी या घरात कुणी हसणार नाही. नोकरी जाईलच, पण बाबा पुन्हा आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. दिवसभर तिच्या हातून भाकऱ्या करपल्या.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले. रावजींनी विचारलं, “काय सांगितलान डॉक्टरनं?”

घास संपवून रखमाबाई वरून पाणी प्यायल्या. “तब्येत झ्याक हाय बोलले. पण एकाच माणसाला चिकटलाय, ती लक्षणं बरी नाय. मोठा झाला की भिंती खणील, दारा फोडील. ज्याला चिकटलाय त्या माणसानं आतापासनं दिवसभर घराबाहेर ऱ्हायला पायजे.”

“दिवसभर म्हंजे कुठे?”

“ते डॉक्टर कशाला सांगतील? कंपनीत जाईल. नायतरी त्यांची बस पोलादपुरास येतेच. दिवसाचा मी बघीन त्याच्याकडे.”

रावजींनी वजीरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दार सागाचं होतं. “डॉक्टर बोललेत तर मग काय,” ते म्हणाले. “एक तारखेपासनं जा गो, सूनबाई.” विनीतने मान हलवली, म्हणजे त्याचं बाबांना विचारून झालं.

भांडी उचलून सेजल सासूबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. “आई, डॉक्टर खरंच असं म्हणाले?”

“डॉक्टर नव्हताच गो. बाहेरगावी गेलाय. कंपाउंडरनं सुई टोचलान नि वाटेला लावलान आमाला.”

“मग हे सांगितलं कुणी?”

“तुला इतके दिवस कोण सांगत होता? तोच.”

सेजलने हातातली भांडी खाली ठेवली. रखमाबाई तव्यावर राख टाकून घासत राहिल्या. “पाट मांडायला लावलास तवाच कळला मला. कुत्र्याचा डॉक्टर बाईच्या ताटापर्यंत कशाला येईल? घाबरू नको. पण आता त्याला माझ्यासाठी एक गोष्ट विचार. मला उमरठला भावाकडे चार दिवस ऱ्हायला जायचा हाय. विनीत रांगत होता तवा गेले होते. कुत्र्याला त्याचा काय फायदा होतो, तेवढा नीट विचारून घे.”