धूर नसलेलं धुराडं

शेगडीच्या धुराने सासूबाईंना खोकल्याची उबळ यायची. एक भजन म्हणून धड पुरं व्हायचं नाही. म्हणून सुनेने लाकडं फोडून, छपराखाली रचून, दोन उन्हाळे वाळवली.

"वहिनी, लाकडांचं लोणचं घालताय का?" नणंद चिडवायची.

थंडी पडली. सुनेने दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या. खणखणीत वाजल्या, ओल उरली नव्हती. तिने शेगडी पेटवली.

जराशाने शेजारीण तणतणत आली. "धुराड्यातून धूर नाही. म्हातारीला गारठवताय होय?"

दार उघडताच ऊब अंगावर आली. शेगडीला खेटून सासूबाई भजनाची शेवटची ओळ आळवत होत्या, अगदी मोकळ्या गळ्याने. डोळ्यांत पाणी होतं.

"धुराचं नाही हो," त्या म्हणाल्या, आणि दुसरं भजन धरलं.