पंचांचे पॅडसुद्धा

लिफ्टची तपासणी करणाऱ्या माणसाला नियमांचं वेड असावं हे बरंच आहे, नाहीतर आपण कुणीच वरच्या मजल्यावर धडपणे पोहोचलो नसतो. पण हा गृहस्थ ते वेड सुट्टीच्या दिवशीही सोबत घेऊन फिरायचा. सायकलच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. तिथे दर तीन महिन्यांनी तो मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा भरवायचा, पंचही स्वतःच व्हायचा आणि स्वतःच्या हातची नियमावली भिंतीवर डकवायचा. कुणी हुज्जत घातली की बोट वर करून म्हणायचा, "कलम नऊ वाच." म्हणून सगळे त्याला कलमदादा म्हणायचे.

हुज्जत घालणाऱ्यांना काय तोटा? हातात धरून खेळायचं पॅड दुसऱ्याचं असलं तर चालेल का, उभं राहून खेळलं तर चालेल का. एका बहाद्दराने तर विचारलं होतं, ऐन वेळी शिंक आली तर फेरी परत घेणार का? कलमदादाने त्यावरही कलम लिहिलं. ज्याची शिंक त्याने सांभाळावी.

सगळ्यांत कडक कलम सात. पॅडवर मधोमध खेळ थांबवायचं एक बारीक बटण असतं. चालू फेरीत ज्याच्याकडून ते दाबलं जाईल, त्याची ती फेरी गेली. मग मुद्दाम दाबा नाहीतर अंगठा घसरू द्या. सवलत एकच होती. समोरच्याने माफ केलं तर फेरी पुढे चालू. आणि पंचाने समोरच्याला तसं विचारायचं, हेही कलमदादाने स्वतःच्याच हाताने खाली लिहून ठेवलं होतं.

आता चार वर्षांपूर्वीचा तो अंतिम सामना. एका खुर्चीत चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक शांत माणूस, आणि दुसऱ्या खुर्चीत कलमदादाची सख्खी धाकटी बहीण.

बहीण खेळायची म्हणजे काय विचारता! भल्याभल्यांना तिने रडकुंडीला आणलं होतं. जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत थेट जागा मिळणार होती. पण तिच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट घरी पणाला लागली होती. औषधांच्या कारखान्यातून तिला नोकरीचं पत्र आलं होतं, दुसऱ्या गावी. बाबांनी आदल्या दिवशी जेवताना सांगून टाकलं होतं, "ही जिंक. जिंकलीस तर वर्षभर तुझ्या त्या ठोसेबाजीच्या आड मी येणार नाही. हरलीस तर मुकाट्याने रुजू हो. मग भुणभुण नको." ती म्हणाली होती, "कबूल."

सामना बरोबरीत येऊन शेवटच्या फेरीवर ठेपला. चष्मेवाल्याची ताकदीची पट्टी नखाएवढी उरली होती आणि बहिणीची अर्धी शिल्लक. एक ठोसा, फक्त एक. सगळा हॉल खुर्च्या सोडून पुढे सरकला. कलमदादालाही राहवेना. पायाशी त्याची हत्यारांची पिशवी होती, ती त्याने पायानेच टेबलाखाली सारली आणि वाकून पाहू लागला. आणि खेळ थांबला. पडद्यावर अक्षरं आली, 'खेळाडू एकने खेळ थांबवला.'

खेळाडू एक म्हणजे बहीण.

"मी नाही दाबलं," ती म्हणाली. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "दादा, मला नाही वाटत मी दाबलं."

चष्मेवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पंचाने त्याला विचारायला हवं होतं, माफ करतोस का. एवढंच. पण सगळा हॉल कलमदादाकडे बघत होता. बहिणीसाठी पदर पसरला असं कुणी म्हणू नये, हेच त्याच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या कुणाच्या बहिणीसाठी त्याने नक्की विचारलं असतं. स्वतःच्या बहिणीसाठी त्याने हात वर केला आणि म्हणाला, "कलम सात. फेरी गेली. नियम म्हणजे नियम."

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! पंच असावा तर असा म्हणाले. आणि हा शहाणा त्या टाळ्यांनी फुगला.

हॉल रिकामा झाल्यावर त्याने आवराआवर करायला घेतली. वायरी गुंडाळल्या आणि हत्यारांची पिशवी उघडली, तर आत काहीतरी हिरवं लुकलुकत होतं. त्याचं स्वतःचं बिनतारी पॅड. सकाळी त्याच टेबलावरचं मशीन चालतंय का हे बघायला त्याने ते जोडलं होतं, खेळाडू एकच्याच जागी. बघून झाल्यावर जोडणी तोडायची राहिली आणि पॅड गेलं पिशवीत. मधल्या बटणावर पाना रेलून बसला होता. जोडणी अजून तशीच होती. त्याने वायरी परत जोडून खेळ सुरू केला, पिशवी पायाने टेबलाखाली सारली. पडद्यावर अक्षरं आली, 'खेळाडू एकने खेळ थांबवला.' त्याने तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.



तेव्हाच घरी जाऊन सांगायचं होतं. पण जाताना त्याने स्वतःची समजूत घातली, चषक देऊन झालाय, आता उद्या सांगू. उद्या बहीण बॅग भरत होती, आणि बाबा खुशीत होते. परवा ती गेली. मग फोनवर कसं सांगायचं म्हणून सुट्टीत येईल तेव्हा सांगू, आणि सुट्टीत आली की बिचारी चार दिवसांसाठी आलीय, कशाला जुनं उकरायचं. सबबीला कधी दुष्काळ पडत नाही. एक गोष्ट मात्र त्याने केली. पुढच्या स्पर्धेला नियमावलीत नवं कलम घातलं. 'कलम चौदा. सामन्यापूर्वी सर्व बिनतारी पॅडची जोडणी तोडावी. पंचांचे पॅडसुद्धा.' हे लिहिताना त्याला वाटलं, निम्मं तरी सांगून झालं. कुणाला सांगितलं? भिंतीला!

चार वर्षं गेली. परवाच्या स्पर्धेला सकाळी पहिले सामने सुरू झाले होते. कलमदादा टेबलांमधून फिरत होता आणि दारात बहीण उभी. येणार असल्याचं तिने घरीसुद्धा कळवलं नव्हतं.

"अगं! कधी आलीस?"

"आत्ताच. म्हणजे खाली वीस मिनिटं उभी होते. सायकली बघत."

"सायकली कसल्या बघतेस, वर यायचंस की!"

ती नुसती हसली. कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांवर तारीख नीट उमटली आहे का हे ती दिवसभर बघायची, म्हणून असेल, नजर पडेल ते ओळ न ओळ वाचायची सवय तिला लागली होती. ती भिंतीपाशी गेली आणि नियमावली वाचू लागली.  पुढे जाऊन तो कागद फाडावा असं कलमदादाला वाटलं.

"दादा, हे चौदावं कधी घातलंस?"

"झाले की बरेच दिवस."

"कधी?"

"त्याच वर्षी."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. शेवटचे दोन शब्द तिने ओठांतल्या ओठांत वाचले. "तुझं पॅड होतं?"

"पिशवीत होतं. जोडणी तोडायची राहिली होती. मी पायाने पिशवी..." त्याने पाय पुढे सारून दाखवला. "तू नव्हतं दाबलंस."

आता ही रडेल, नाहीतर चार लोकांत आपल्याला फाडून खाईल, असं त्याला वाटलं. दोन्ही चाललं असतं. पण तिने खांद्यावरच्या झोळीतून आपलं जुनं पॅड काढलं. मधल्या बटणावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, थरावर थर.

"रात्री खोलीवर एकटीच खेळते, मशीनशी," ती म्हणाली. "हे बटण झाकल्याशिवाय हातच चालत नाही. मला वाटायचं, ऐन वेळी माझाच अंगठा दगा देतो. तिकडे दोनदा नाव दिलं स्पर्धेला, दोनदा पायरीवरून परत आले. हरल्याचं काही नव्हतं रे. नोकरीचंही नाही, नोकरी बरी आहे. पण माझाच हात मला खोटं पाडतो असं वाटत राहिलं. तू एकदा म्हणायचंस ना, तू नव्हतं दाबलंस. एवढंच तर."

कलमदादाला तोंड वर करवेना.  मग तो एकदम म्हणाला, "चल, नाव लिहितो तुझं. खेळायलाच आली होतीस ना? आत्ता लिहितो."

तिने भिंतीवर बोट ठेवलं. कलम दोन. दहा वाजता नावनोंदणी बंद.

"मी दहा वीसला वर आले. सामने लागलेत."

"मरू दे गं ते कलम! मी बदलतो सगळं, परत पाडतो जोड्या."

"नको." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसेना. "नियम म्हणजे नियम, दादा. मी बघत बसते."

ती मागच्या रांगेत जाऊन बसली. पॅड मांडीवर ठेवून ती पट्टी सोलू लागली. चार वर्षांची चिकटलेली पट्टी, नखांनी थोडी थोडी निघत होती.

तेवढ्यात तिसऱ्या टेबलावर आरडाओरडा झाला. "कलमदादा, इकडे या! याने खेळ थांबवला!" एक केक बनवणारी बाई आणि एक रिक्षावाला खेळत होते. बटण रिक्षावाल्याकडून दाबलं गेलं होतं आणि तो बिचारा स्वतःच्याच अंगठ्याला शिव्या देत होता. कलमदादाने आधी त्याचं पॅड पाहिलं, मग खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, मग बाईकडे वळून कलमात लिहिल्याप्रमाणे विचारलं, "माफ करता का?"

"हो, खेळू दे की," बाई म्हणाली. "त्यात काय एवढं!"

फेरी पुढे सुरू झाली. कलमदादाने मागे पाहिलं. पट्टी सोलायची थांबवून बहीण त्याच्याकडेच बघत होती. तिला मात्र त्याने 'माफ करतेस का' असं अजून विचारलं नव्हतं. पुढचा सामना लावायला हवा होता. तो जागचा हलला नाही, आणि विचारलंही नाही.