सुनेच्या पायानं अडलेली साइट

हुपरीत रत्नव्वांच्या सोप्यात त्या दिवशी बावीस माणसं जमली होती आणि मधोमध एक कॉम्प्युटर. बाविसातल्या विसांना माऊस कुठून धरायचा ते ठाऊक नव्हतं, पण कॉम्प्युटरला काय झालंय हे सगळ्यांना कळलं होतं. त्याला सून बाधली होती.

सून, म्हणजे रत्नव्वांची वर्षाराणी, उंबऱ्याबाहेर उभी होती. पिराजी महाराजांचा हुकूमच होता तसा. महाराजांनी टेलिफोनच्या वायरीला लिंबू बांधलं आणि मॉनिटरच्या कपाळाला भस्म फासलं.

"बघा पावणं! चांदीचा भाव काढ रं!"

वर्षाराणीच्या नवऱ्यानं, सोमेशनं, बटणं दाबली. पान उघडलं.

"क्रिकेट!"

तेही उघडलं.

"आता सूनबाईच्या बी.एड.चा अर्ज!"

पडदा पांढरा झाला. पान सापडत नाही. सोपा हबकला.

"समदं जग उघडतंय, योकच दार बंद!" महाराज गरजले. "पोरीच्या माहेरचं दैवत वायरीत आडवं बसलंय. शिकायचा नाद सोडला तरच उठंल ते!"

दैवताला क्रिकेट चालत होतं, चांदी चालत होती. वावडं फक्त बी.एड.चं. ह्याचं नवल मात्र कुणालाच वाटलं नाही.

अर्जाची मुदत उद्या संपत होती. खरं तर वर्षाराणी सायबर कॅफेत जाऊनच अर्ज भरणार होती. पण सोमेश म्हणाला, "घरच्या सुनेनं कॅफेत कशाला जायचं? मशीनच आणतो की घरी." केवढं कौतुक वाटलं होतं तिला! नेसरीला माहेरी जाऊन चार घरी सांगून आली. परत आली, तेव्हापासून साइट उघडेना. शेवटी तिलाही वाटायला लागलं, असंल काहीतरी आपल्यातच. दोन सोमवार तिनं निर्जळी धरले. तरीही काल हळूच फोन करून तिनं आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या शांभवी मॅडमना बोलावून ठेवलं होतं.

त्या आल्या, लिंबाकडं बघून हसल्या आणि खुर्चीत बसल्या. महाराज लगबगीनं लिंबू सोडायला लागले.

"राहू द्या की! लिंबू तिथंच, भस्म तिथंच. वर्षा, तू आत ये."

पाच मिनिटांत त्यांनी एक छोटी फाइल उघडली. "कॉम्प्युटर कुठलीही साइट शोधायला बाहेर पडण्याआधी घरातली ही यादी बघतो. हिच्यात कुणीतरी बी.एड.च्या साइटपुढं खोटा पत्ता लिहिलाय. ह्या आकड्यांचा अर्थ, 'हाच कॉम्प्युटर'. मग बिचारा साइट आपल्याच पोटात शोधतो आणि सापडत नाही म्हणतो." त्यांनी ती ओळ पुसली. "दाब, वर्षा."

वर्षाराणीनं बटण दाबलं. लिंबू लटकत होतं, सून उंबऱ्याच्या आत होती, आणि अर्ज उघडला.

"दैवत शांत झालं!" महाराज उठले.

"दैवत नव्हे, माणूस," मॅडम म्हणाल्या. "यादी कधी बदलली तेही इथं दिसतंय. बारा जून, दुपारी तीन."

बारा जूनला वर्षाराणी नेसरीत होती. आत्ती, म्हणजे रत्नव्वा, माऊसला हात लावत नव्हत्या. घरात तिसरं माणूस एकच. तिनं सोमेशकडं बघितलं. तो लिंबाकडं बघत होता.

"अगं, तू मास्तरीण झालीस की घरच्या चांदीकामात घुंगरं कोण लावणार पैंजणांना? म्हटलं, शिकायचं आपोआप ऱ्हाईल..."

"नको म्हणायचं हुतं की," ती म्हणाली. "भांडलो असतो, मिटवलं असतं. दोन सोमवार मी पाण्यावाचून काढले. शेजारी बसून जेवत होता तुम्ही."

रत्नव्वांनी महाराजांची वाट अडवली. "बसा. माझ्या लेकानं तुम्हाला काय पढवलं हुतं, ते समद्यांदेखत सांगून जावा." मग लेकाकडं वळल्या. "आणि सोमेश, तुझ्या कामात देवाला कशाला रं घातलास?"

महाराजांनी सगळं सांगितलं. बावीस माणसं खाली मान घालून चपला शोधायला लागली.

त्यांना आणि आपल्यालाही सांगायचं ते एवढंच. बंद दारापुढं लिंबू बांधण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: किल्ली कुणाकडं असते, आणि दार बंद राहिलं तर सोय कुणाची होते? दैवताला ह्यातलं काहीच लागत नाही.

वर्षाराणीनं अर्ज तिथंच भरला. 'पत्रव्यवहाराचा पत्ता' ह्या रकान्यापाशी तिची बोटं जरा थांबली. मग तिनं लिहिलं, नेसरी.