अंगाईची तीन घरं

रविवारची पुरवणी काकूंनी टेबलावर पसरली तेव्हा कपातला चहा अजून वाफाळत होता आणि दुकानाची किल्ली त्यांच्या कमरेला खोचलेली होती. काका खुंटीकडे पुन्हा पुन्हा चक्कर मारून येत होते. किल्ली कुठे गेली म्हणून कुरकुरत होते. काकू म्हणाल्या, आधी कोडं, मग दुकान.

दुकान औषधांचं, जिन्याच्या पायथ्याशीच. मोठ्या बरण्यांतून लहान बाटल्यांत औषध भरायचं काम काका अजूनही स्वतःच्या हातानेच करत, दुसऱ्या कुणाला बरणीला हात लावू देत नसत. आख्खी गल्ली त्या हातावर डोळे मिटून विसंबलेली. पण त्यांच्या लेकीला काही महिन्यांपासून धास्ती होती. तिने आईला फोनवर निक्षून सांगितलं होतं, की रविवारी बाबांना कोडं सोडवायला बसव आणि या खेपेला त्यांच्या चुकांवर पांघरूण घालू नकोस. नीट सुटलं तर किल्ली दे. नाही सुटलं तर दुकानाला कुलूप. काकूंनी हो म्हटलं होतं. पण दुकान गेल्यावर हा माणूस दिवसभर हात कुठे ठेवणार?

पांघरुणाची गोष्ट खरी होती. लग्न झाल्यापासून दोघांची वाटणी ठरलेली: आडवे शब्द काकांचे, पेनाने, उभे काकूंचे, पेन्सिलीने. अलीकडे काकांच्या ओळीत एखादा शब्द भलताच पडायचा. तोंडी विचारलं तर मात्र चोख उत्तर यायचं. मग काकू चष्म्याला बोल लावायच्या, आपलाच उभा शब्द खोडायच्या आणि त्यांच्या चुकीला जुळेल असा दुसरा बसवायच्या. चौकटी भरलेल्या दिसायच्या. दिवस सरायचा.

आजचं कोडं मात्र परीक्षेसाठीच कुणी धाडल्यासारखं होतं. एका जुन्या, गाण्यांनी ओथंबलेल्या सिनेमावर बेतलेलं. नदीकाठचं गाव, होडी, नावाड्याची लेक. लग्न ठरल्यावर दोघांनी मिळून पाहिलेला पहिला सिनेमा. त्यातली गाणी गुणगुणत काका आजवर बाटल्या विसळत आले होते. या कोड्यातला एकही शब्द काकूंना नवा नव्हता.

"अगं, हे काय कोडं आहे? हे तर आपलं घरचं कार्य," काका पेनाचं टोपण काढत म्हणाले. मग किल्लीचा विषय निघालाच. कालची संध्याकाळ त्यांनी पुराव्यासारखी मांडली. किती गर्दी होती, तरी आधी गल्लीतल्या मास्तरांची झोपेच्या औषधाची बाटली भरली, लगेच पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या बाळाची खोकल्याची. दोन्ही अगदी काठोकाठ, थेंब सांडला नाही. "आणि तुझी लेक म्हणते, बाबा थकले."

नायकाचं वाद्य कोणतं? बासरी, काका म्हणाले, आणि बासरीच लिहिलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. नायिकेच्या बापाचा धंदा? नावाडी, म्हणाले, आणि नावाडी लिहिलं. अक्षर कसं, मोत्याच्या सरीसारखं. काकूंचा हात कमरेकडे जाऊ लागला. पुढची घरं अंगाईची होती: होडीत नायिका कुणाला बोलावते? काकांनी डोळे मिटले आणि गायलाच लागले.

"ये गं चांदणी होडीत, झोप आण गं ओढीत."

आवाज थकला होता, पण सूर जागचा हलला नव्हता. चांदणी, म्हणाले, तीन घरं. आणि ओठांवर चांदणी असताना त्यांच्या हाताने त्या तीन घरांत लिहिलं: नावाडी.

काकूंनी पाहिलं. काकांनीही कागदाकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि चहाचा घोट घेतला. मधल्या घरातून खाली काकूंचा शब्द उतरत होता, दरोडा. आता तो बसेना. काकूंनी सवयीने रबर उचललं. दरोडा पुसला. वादळ लिहायला घेतलं. पहिलं अक्षर उमटलं आणि लेकीची ताकीद आठवली, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात वरच्या मजल्यावरच्या घरातली सून, बाळाची आई. रोज डोळ्यांखाली काळं घेऊन फिरणारी, आज चेहरा कसा धुतल्यासारखा. आत न येताच तिने काकांना हात जोडले. किती रात्रींनी घरात शांतता झाली म्हणाली. झोपवताना एक चमचा दिला, पहाटे चाळवलं तेव्हा आणखी एक.

"एकदाही खोकलं नाही हो काकू. दुधालासुद्धा उठलं नाही अजून. हलवलं तरी गाढ."

"माझ्या हाताचा गुण," काका म्हणाले.

काकूंची नजर कोड्यावर गेली. नावाडी. त्याच्याखाली पुन्हा नावाडी. तोंड पुढे गेलं होतं आणि हात मागेच राहिला होता. हात विसरला नव्हता. आधी जे केलं, तेच पुन्हा करत होता. इतके महिने त्यांना हे दिसलं नाही, कारण दिसू लागलं की त्या रबर उचलत होत्या. काल संध्याकाळी आधी मास्तरांची बाटली, पाठोपाठ बाळाची. तोंडाने काका खोकल्याचंच औषध म्हणाले असतील. हात कोणत्या बरणीकडे गेला असेल?

काका त्यांच्याकडे बघत होते, कौतुकाची वाट पाहत. हे त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे त्यांना भर दारात उघडं पाडायचं. काकूंच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"बाळाला आधी उचल," त्या म्हणाल्या, "आणि डॉक्टरांना फोन कर. त्या बाटलीत खोकल्याचं औषध नाही. यांच्या हातून चुकलंय. चुकतंय ते, मला माहीत होतं."

सून क्षणभर हसतच राहिली, मग हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच थिजलं आणि ती जिन्याकडे धावली. काकू मागोमाग. किल्ली कमरेतून निसटून पायरीवर वाजली, तशीच राहिली.

वरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. सुनेने बाळ उचललं तर मान ओल्या कपड्यासारखी लवंडली. काकूंनी त्याच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास होता, पण इतका सावकाश, की एक गेल्यावर दुसरा येईल की नाही, वाट पाहावी लागत होती. सून फोनवर पत्ता सांगत होती, घराचा आकडा पुन्हा पुन्हा चुकत होती. काकूंनी ओल्या हाताने बाळाचे गाल पुसले, तळपाय चोळले. खोक रे सोन्या, त्या कानाशी म्हणत होत्या, एकदा तरी खोक.

उघड्या जिन्यातून खालचा आवाज वर येत होता. काका पुढची घरं भरता भरता गात होते. चांदणीला होडीत बोलावत होते, झोप ओढून आणायला सांगत होते, आणि त्यांचा एकही शब्द चुकत नव्हता.